पहिलं बाळ येणार आहे, घरचं कसं निभवायचं? नागपूरच्या मैत्रिणींचे नेहमीचे प्रश्न

माझी मुलगी आता सहा महिन्यांची होऊन राहिली. जूनमध्ये झाली ती, म्हणजे मळमळ ऐन दिवाळीत, पोट दिसायला लागलं संक्रांतीत आणि नववा महिना पूर्ण मे मध्ये, तोही तिसऱ्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली. तेव्हापासून चुलत बहिणी, ऑफिसातल्या मैत्रिणी, खालच्या मजल्यावरची नवी सून, सगळ्या तेच प्रश्न विचारतात आणि मी प्रत्येकीला अर्धा-अर्धा तास फोनवर सांगत बसते, म्हणून एकदाचं लिहूनच काढलं. मी डॉक्टर नाही, गोळ्या-औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण उरलेले तेवीस तास पंचावन्न मिनिटं आपण घरातच असतो नं, ते कसे काढायचे ते इथे आहे.

घरात कधी सांगायचं? तीन महिने गप्प राहायचं म्हणतात.

बाहेरच्यांना पाहिजे तेव्हा सांगा, पण ज्या घरात राहता त्या घरात लगेच सांगा. सगळ्यात जास्त त्रास पहिल्या तीन महिन्यांतच होतो आणि तेव्हाच कोणाला माहीत नसलं तर सकाळी सहाला उठून डबे तुम्हीच करणार. आणि डॉक्टरकडे जायला थांबू नका, फॉलिक ॲसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅमची, सुरुवातीच्या आठवड्यांतच लागते, बाळाचा मेंदू आणि मणका तेव्हाच बनत असतो.

पहिल्याच भेटीत सिकलसेलची टेस्ट लिहून दिली. आमच्याकडे कोणालाच नाही, करायची का?

करायची, नक्की करायची. सिकलसेल, म्हणजे आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, आपल्या विदर्भात खूप आहे आणि जे वाहक असतात, ज्याला आपल्याकडे एएस पॅटर्न म्हणतात, त्यांना स्वतःला बहुतेक वेळा काहीच त्रास नसतो, म्हणून घरात कोणाला नाही हे आपल्याला वाटत असतं, माहीत नसतं. आई-वडील दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला एसएस, म्हणजे आजारच, होण्याची शक्यता चारात एक. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याची तपासणी सगळी नॉर्मल असेल तर बाळाला सिकलसेलचा आजार होत नाही, फार तर तेही वाहक होईल. म्हणून बायकोची टेस्ट एएस आली की त्याच आठवड्यात नवऱ्याची करा, थॅलेसेमिया, म्हणजे असाच दुसरा रक्ताचा आजार, त्याचंही त्या टेस्टमध्ये कळतं का ते विचारून घ्या. लवकर कळलं तर पुढे बाळाची तपासणी करता येते आणि काय करायचं ते ठरवायला वेळ मिळतो, पाचव्या महिन्यात कळलं तर तो वेळ फार कमी उरतो.

माझी आली होती एएस. आमचे हे रिपोर्ट घेऊन यायला गेले होते, त्यांचाही त्याच दिवशी दिला आणि त्यांचा येईपर्यंतचे दोन दिवस मला अजून आठवतात, मी काही जेवले नव्हते. त्यांचा नॉर्मल आला. पण त्या दोन दिवसांत आम्हाला एक पक्कं कळलं की ही टेस्ट लग्नाच्या आधी करायला पाहिजे होती. तुमच्या घरात कोणाचं लग्न ठरून राहिलं असेल तर पत्रिका पाहता तेव्हा हेही पाहा, सरकारी दवाखान्यात होते.

फोडणीचा वास सहनच होत नाही, स्वयंपाक कोण करणार?

जो घरात आहे तो करणार. माझं तर ऐन दिवाळीत झालं, शेजारी चिवड्याची फोडणी पडली की मी बाथरूममध्ये. शेवटी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळीच लसूण-मोहरीचं सगळं करून घ्यायच्या, दार लावून, एक्झॉस्ट लावून, आणि मी मागच्या खोलीत पडून राहायची.

मला जे चाललं ते सांगते. उशाजवळ डब्यात मुरमुरे, फुटाणे, टोस्ट ठेवायचे आणि उठून बसायच्या आधीच दोन घास खायचे, ब्रश नंतर. पोट रिकामं राहिलं की मळमळ दुप्पट होते म्हणून दोन-दोन तासांनी थोडं थोडं. गरम जेवणाला वास जास्त येतो, थंड दही-भात, कोमट वरण-भात, भाजलेला आलू मीठ लावून, हे राहतं पोटात. आणि नोव्हेंबरात आंबिया बहाराची संत्री आली तेव्हा माझा जीव जिवात आला, बाकी काही जात नव्हतं पण मीठ लावलेल्या फोडी जायच्या. एक मात्र लक्षात ठेवा, पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद पिवळी होत असेल, वजन उतरत असेल तर हे नेहमीचं आहे म्हणून घरी बसू नका, सलाईन लागू शकतं.

घरचं काम किती करायचं? सासूबाई म्हणतात आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत सगळं केलं.

केलं त्यांनी, खरं आहे. माझ्या आजेसासू तर शेतातून आल्या आणि रात्री बाळंत झाल्या. पण त्यांना विचारलं तर त्याच सांगतात की ते हौसेनं नव्हतं, करायला कोणी नव्हतं म्हणून केलं. सगळं नॉर्मल असेल तर चालणं-फिरणं, हलकी कामं चांगलीच असतात, दिवसभर पडून राहूनही फायदा नाही.

वजन उचलायचं नाही. भरलेलं सिलेंडर तीस किलोच्या आसपास असतं, ते सरकवायचंही नाही. पाण्याच्या बादल्या, तांदळाचा कट्टा, ओल्या चादरींचं टोपलं गच्चीवर नेणं, हे दुसऱ्याचं. स्टुलावर चढून माळ्यावरचं काढायचं नाही, पोटामुळे तोल बदलतो. खाली बसून पोछा मारला की नॉर्मल डिलिव्हरी होते असं मला इतक्या जणींनी सांगितलं, पण त्याची काही गॅरंटी नाही, ओल्या फरशीवर पाय घसरायची भीती मात्र खरी आहे.

आम्ही काय केलं, एका रविवारी बसून घरातली सगळी कामं कागदावर लिहिली, अगदी दूध तापवणं, गच्चीवरचे कपडे आणणं, कामवाल्या मावशी आल्या नाही तर भांडी, गॅस बुक करणं, सगळं, आणि पुढे नावं टाकली. तोवर यांना खरंच माहीत नव्हतं की घरात दिवसाला इतकी कामं होतात. कागद फ्रिजवर लावला. माझ्या नावापुढे बसून होणारी कामं राहिली, भाजी निवडणं, सांभार, म्हणजे कोथिंबीर, तोडणं, फल्ली, म्हणजे भुईमुगाच्या शेंगा, सोलणं, हिशोब. मला विचाराल तर पूर्ण नऊ महिन्यांत कोणत्याही टॉनिकपेक्षा त्या कागदाने जास्त काम केलं, कारण मला रोज रोज मागावं लागलं नाही. मागावं लागणं हेच सगळ्यात थकवणारं असतं.

नवऱ्याने नक्की काय करावं? "काही लागलं तर सांग" म्हणतात फक्त.

त्यांना एक पूर्ण जबाबदारी द्या, अर्धी नाही. आमच्याकडे फाईल यांची होती. सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, पुढची तारीख, कोणती गोळी संपत आली, धनुर्वाताचं, म्हणजे टीडीचं, दुसरं इंजेक्शन पहिल्यानंतर चार आठवड्यांनी आहे, सगळं त्यांच्या डोक्यात. तुमचा ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर ते फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण नवरा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन साधारण २८व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर डिलिव्हरीनंतर ७२ तासांच्या आत लागतं.

लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, शी काळी होते. बंद करू का?

बंद नका करू. काळी होणं नॉर्मल आहे. हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात आणि आपल्याकडे किती बायका नऊ-साडेनऊवर घर चालवतात आणि म्हणतात थोडं थकल्यासारखं होते. चहासोबत गोळी घेतली तर लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमसोबतही नाही, दोन्हीत किमान दोन तास ठेवा. मी कॅल्शियम जेवणासोबत घ्यायची आणि लोहाची रात्री झोपताना लिंबूपाण्यासोबत, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री होती तेव्हा संत्र्यासोबत. बद्धकोष्ठाला पाणी, पपई सोडून बाकी फळं, ज्वारीची भाकर, पालेभाजी. फारच त्रास असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात, फक्त सांगावं लागतं त्यांना.

पपई सोडून का? आणि तीळ, केशर, ग्रहण?

कच्च्या पपईच्या चिकात जे असतं त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून कच्ची-अर्धकच्ची नाहीच. पूर्ण पिकलेल्या पपईचा तसा त्रास नसतो पण बाजारातली कितपत पिकली हे मला कळत नाही म्हणून मी सोडूनच दिली होती. संक्रांतीला तिळगूळ एक-दोन लाडू खाल्ले मी, काही नाही झालं, तीळ कॅल्शियमचे चांगले. केशराने आणि नारळपाण्याने बाळ गोरं होत नाही, रंग आई-बाबांकडून येतो, आणि सावळं आलं तर काय बिघडलं? तुपाने वाट मोकळी होत नाही, वजन वाढतं. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही, पण आमच्या आईंना त्या दिवशी काळजी वाटत होती म्हणून मी दोन तास शांत झोपले, त्यात माझं काही गेलं नाही. ग्रहणात उपाशी किंवा बिनपाण्याचं राहायला मात्र स्पष्ट नाही म्हणा.

गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, खायची खूप इच्छा होऊन राहिली. डोहाळे पुरवायला पाहिजे म्हणतात नं?

पुरवा, पण घरी. हा एक विषय आहे ज्यावर मी कोणाशी तडजोड करत नाही. घाण पाण्यातून हिपॅटायटिस ई नावाची कावीळ होते, बाकीच्यांना ती बहुतेक आपोआप बरी होते पण गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जीवघेणी होऊ शकते. त्यामुळे ठेल्यावरचं गुपचूपचं पाणी, बर्फ टाकलेला उसाचा रस, बर्फाचा गोळा, चिरून ठेवलेली फळं, नाही म्हणजे नाही. पुऱ्या आणा, पाणी उकळून गार केलेलं घ्या, पुदिना-सांभार धुऊन वाटा, पोटभर खा. तर्री पोहे, म्हणजे तिखट रस्सा घातलेले पोहे, समोर गरम उकळत असलेले असतील तर तो वेगळा मुद्दा, त्याने बाळाला काही होत नाही, तुम्हाला मात्र रात्रभर जळजळ. आपल्या तिखट सावजी जेवणाचंही तेच. माझी इच्छा कमी तर्रीच्या पाटवडीवर भागली.

नागपूरच्या उन्हाळ्यात शेवटचे महिने कसे काढायचे?

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि माझ्याकडे याचंच सगळ्यात जास्त उत्तर आहे.

मे मध्ये पारा पंचेचाळीसला जातो, २५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, आणि गरोदरपणात आपलं शरीर आधीच जास्त गरम असतं. पाणी कमी पडलं की चक्कर येते, लघवीला जळजळ होते आणि पोट आवळल्यासारखं होऊन कळा सुरू झाल्यासारखं वाटतं. मला ३४व्या आठवड्यात तसंच झालं, दुपारी बँकेच्या कामाला गेले, परत आले तर पोट दगडासारखं घट्ट, रात्री ॲडमिट केलं, सलाईन लावल्यावर थांबलं. त्यानंतर ११ ते ५ घराबाहेर पाय नाही. तपासणीची वेळही सकाळचीच मागून घेतली, मागितली तर देतात.

कूलरचं नीट ऐका. कूलर बंद खोलीत लावला तर दमट होतं आणि जीव घाबरतो, समोरची एक खिडकी उघडी पाहिजे, हवा बाहेर गेली तरच गार वाटते. पाणी तुम्ही भरायचं नाही, एक तर बादली जड आणि दुसरं म्हणजे शॉक, दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकच्या बातम्या येतातच. सीझन सुरू व्हायच्या आधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासा, आणि जो कोणी पाणी भरेल त्याने बटण बंद करून प्लगही काढायचा, हात कोरडे, पायात चप्पल. दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून घासायची कारण डेंगीचा डास त्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात होतो आणि गरोदरपणात डेंगी वाईट. कॉइलचा धूर बंद खोलीत नको, मच्छरदाणी लावा, आता लावली की बाळालाही तीच कामी येते.

वरच्या मजल्यावर असाल तर रात्रीही भिंती गरम लागतात. आम्ही संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचो, बेड भिंतीपासून दूर सरकवला आणि मे चे पंधरा दिवस तर खालच्या काकूंनी त्यांची मधली खोली मला दुपारी झोपायला दिली. मला मागायला लाज वाटत होती, आईंनी जाऊन विचारलं. प्यायला माठाचं पाणी, ताक, कैरीचं पन्हं, उलटी-जुलाब असतील तर ओआरएस. बीपी असेल तर मीठ जपून. लघवी फिकट पिवळी आहे तर पाणी पुरतंय, एवढं सोपं माप आहे.

गाडी चालवू का?

माझ्या डॉक्टरांनी सुरुवातीला हो म्हटलं, मी पाचव्या महिन्यापर्यंत हळू चालवली, नंतर पोट हँडलपाशी यायला लागलं आणि मीच सोडली. मागे एका बाजूला पाय टाकून बसू नका, तोल राहत नाही. मला मेट्रो बरी पडली, धक्के नाहीत आणि लिफ्ट आहे.

रात्री झोप नाही, पायात गोळे येतात.

सातव्या महिन्यापासून कुशीवर झोपा, डावी जास्त बरी, उजवीही चालते, पाठीवर नको. जाग आली आणि पाठीवर असलात तर घाबरू नका, फक्त कूस बदला. दोन्ही गुडघ्यांच्या मधे एक आणि पोटाखाली एक उशी. गोळा आला की पायाचा चवडा स्वतःकडे ओढा, नाहीतर शेजारच्याला उठवा आणि ओढायला लावा.

मुलगा की मुलगी कसं ओळखायचं?

ओळखायचं नाही. पोट पुढे आलं, आंबट आवडतं, डोहाळजेवणात बर्फी निघाली की पेढा, यातून काही कळत नाही, आणि सोनोग्राफीत विचारणं हा १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, विचारणाऱ्याचा आणि सांगणाऱ्याचाही. आमच्याकडे बर्फी-पेढ्याच्या खेळात एक जण "पेढाच निघू दे" म्हणाल्या तेव्हा माझ्या सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की धडधाकट निघू दे. मी ते विसरणार नाही.

चोरचोळी, डोहाळजेवण करायचं की नाही? थकवा येतो.

करा, पण तुमच्या तब्येतीच्या हिशोबाने. माझी चोरचोळी घरच्या घरी झाली, आई आणि दोन काकू. सातव्यात डोहाळजेवण, मार्च असल्यामुळे संध्याकाळी सहाला ठेवलं, मला खुर्चीत बसवूनच सगळ्यांनी ओटी भरली आणि तासाभरात मला आत झोपायला पाठवलं. फुलांच्या दागिन्यांनी शिंका येत असतील तर तासभरही घालू नका.

पहिलं बाळंतपण माहेरीच पाहिजे का?

माझं माहेर वर्धा, ७५-८० किलोमीटर. जायची खूप इच्छा होती, पण मे च्या उन्हात नववा महिना आणि डॉक्टर इथले, म्हणून आईच इकडे आली. दोन्ही आया एका स्वयंपाकघरात, पहिले चार दिवस ताण होता, मग एकीने सकाळ घेतली एकीने संध्याकाळ. जाणारच असाल तर सातव्या-आठव्यातच जा, पूर्ण फाईल न्या आणि तिथल्या डॉक्टरला आधी एकदा दाखवून ठेवा, कळा सुरू झाल्यावर नवीन दवाखाना शोधायचा नाही.

खर्चाचं काय?

डागा, मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांत डिलिव्हरी मोफत आहे, सिझेरियन असलं तरी, औषधं आणि जेवणासकट. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पात्र बायकांना दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात, आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा आणि बँक खातं स्वतःच्या नावाचं ठेवा. नोकरी असेल तर कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ तारखेच्या आधी घेता येतात.

सारखं रडू येतं, आनंद व्हायला पाहिजे तर भीती वाटते. माझ्यात काही चुकतंय का?

नाही गं. मलाही व्हायचं, कुकर लावता लावता डोळे भरायचे आणि कारण विचारलं तर सांगता यायचं नाही. एका माणसाला तरी रोज खरं खरं सांगा. आणि दोन आठवडे झोप-भूक उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटत असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा, तोही आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत.

लगेच दवाखान्यात कधी पळायचं?

रक्त गेलं, पाणी गेलं, खूप डोकं दुखतंय आणि डोळ्यांपुढे चमकतंय, चेहरा-हात सुजले, ताप, पोटात थांबत नाही असं दुखणं, झटका, किंवा बाळाची हालचाल कमी झाली. हालचाल पहिल्या वेळी साधारण १८ ते २२ आठवड्यांत कळायला लागते, आधी बुडबुड्यासारखी. शेवटच्या तीन महिन्यांत रोज जेवल्यावर कुशीवर पडून मोजा, दोन तासांत दहा झाल्या नाही तर सकाळची वाट पाहू नका. गोड खाऊन पाहा, उद्या पाहू, असं कोणी म्हटलं तरी निघा. १०८ आणि १०२ दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये पाहिजे.

बाळंतिणीची खोली आधीच तयार करायची का? शेगडी, धुरी?

करा, पण शेगडीशिवाय. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवली तर तिचा वायू वास न येता जीव घेतो, आईचा आणि बाळाचाही. शेक पाहिजे असेल तर गरम पाण्याची पिशवी, अंगावर. खिडकी उघडी, जूनमध्ये नागपुरात बाळाला कुंची आणि तीन दुपट्यांत गुंडाळायची गरज नाही, मऊ सुती झबलं पुरतं. घुटी, मध, साखरेचं पाणी काही नाही, सहा महिने फक्त आईचं दूध, हे दोन्हीकडच्या आजींना आठव्या महिन्यातच डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, बाळ हातात आल्यावर सांगायला गेलात तर भांडण होतं. डिंकाचे लाडू, मेथीचे, हळिवाचे, ते तुमच्यासाठी, ते मात्र आधी नका करून ठेवू, उन्हाळ्यात खवट होतात. माझ्या आईने बाळ झाल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून केले, गॅसचा उकाडा नको म्हणून.